नववं प्रकरण

२८ मे १९९६, टेक्सस

पुस्तक आज पुन्हा उघडलं आणि पुन्हा पहिल्याच पानावर मिटलं. दोष पुस्तकाचा नाही. खिडकीबाहेर एक कुत्रं स्वतःच्या सावलीवर भुंकत होतं, ते बघत बसले. मग आईनं कांदे सोलायला बसवलं. मग झोप आली.

इंग्रजीच्या हॅवरकॅम्प बाईंनी मी निघताना पुस्तक हातात दिलं तेव्हा त्या हसत नव्हत्या. शाळा संपायला अवकाश असतानाच मी दरवर्षी निघते, कारण गहू कुणासाठी थांबत नाही. टेक्ससपासून पिकत पिकत तो उत्तरेला सरकतो आणि आम्ही कापणीची यंत्रं, म्हणजे हार्वेस्टर, ट्रकवर चढवून त्याच्या मागे. दुसऱ्यांची शेतं कापून द्यायची, पुढच्या गावी जायचं. बाई म्हणाल्या, "ट्रेसा, तुझं सगळंच अर्धवट असतं. सुट्टीतलं हे एक पुस्तक शेवटपर्यंत वाच. शाळेच्या पहिल्या दिवशी त्यावर लिहून दाखव. नाही जमलं तर इंग्रजीसाठी पुन्हा याच वर्गात."

पप्पांचं म्हणणं त्याहून सोपं. "आणखी एक वर्ष मागे पडलीस तर शाळा पुरे. सतराची झालीस. धान्याची ट्रॉली चालवतेसच, ती बारा महिने चालव."

मला शाळा फार आवडते असं नाही. शाळेत असले की रस्ता आठवतो, रस्त्यावर असले की वर्गातला खिडकीजवळचा बाक. पण एकदा, फक्त एकदा, काहीतरी शेवटाला नेऊन दाखवायचंय. पप्पांना, बाईंना, आणि बहुतेक मलाच.

४ जून, टेक्सस

गंमतच झाली. गहू अजून ओला, म्हणून सकाळभर सगळे आपापल्या केबिनमध्ये बसून. एका हार्वेस्टरमध्ये ओर्व्हल, दुसऱ्यात रुआन, पाण्याच्या टाकीच्या गाडीत पप्पा, ट्रॅक्टरमध्ये मी. ओर्व्हलनं वायरलेसवर तोच जुना बोकडाचा विनोद सुरू केला. मी रांगत होते तेव्हापासून तो आमच्याकडे कामाला आहे आणि तेव्हापासून हाच विनोद सांगतोय. त्याला गप्प करायला मी माइक उचलला आणि पुस्तकाचं पहिलं पान मोठ्यानं वाचून काढलं. पाद्रीबाबासारखा आवाज काढून.

बटण सोडलं. मग ओर्व्हल म्हणाला, "मग?"

"मग काय?"

"मग त्या दोन भावांचं पुढे काय झालं? का इथेच मारून टाकतेस आम्हाला?"

रुआननं विचारलं, "त्यांच्याकडे मेंढ्या आहेत का?" हा दक्षिण आफ्रिकेतून दर हंगामाला येतो. त्याच्या बापाच्या मेंढ्या आहेत, त्यामुळे जगात दुसरं काही असू शकतं हे त्याला पटत नाही.

मेंढ्या निघाल्या. चौथ्या पानावर. आता तो पण ऐकणार.

पप्पांनी नियम घातला. "वाच, पण तीन ओळी झाल्या की बटण सोड आणि कान दे. तू बटण दाबून ठेवलंस की बाकी कुणाला बोलता येत नाही. वायरलेस कामासाठी आहे, करमणुकीसाठी नाही."

"हो पप्पा."

"काय सांगितलं मी?"

"तीन ओळी, बटण सोड, कान दे."

"शहाणी."

१२ जून, ओक्लाहोमा

वाचन जोरात. हार्वेस्टरची टाकी भरली की त्याच्यावरचा पिवळा दिवा लागतो, मग मी ट्रॉली घेऊन शेजारून चालवायची, धान्य भरून घ्यायचं, रस्त्याकडच्या ट्रकमध्ये ओतायचं आणि पुन्हा बांधावर येऊन उभं राहायचं. त्या उभं राहण्यात पुस्तक.

एक बेट आहे. दोन भाऊ एकाच घरात राहतात आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. बहीण ॲग्नेटा इकडचं बोलणं तिकडे पोचवते. आणि पोचवताना बदलते! एक शिवी देतो, ती म्हणते, "तो विचारतोय तुझा गुडघा कसा आहे."

ओर्व्हलला थोरला भाऊ मुळीच आवडत नाही. "माझ्या हाताखाली असता तर पहिल्याच दिवशी हाकलला असता. मिजास बघ."

"तुझ्या हाताखाली कोण आहे रे?" पप्पा मध्येच म्हणाले. म्हणजे पप्पा ऐकतात! मला वाटायचं आवाज बारीक करून बसतात.

जेवताना आईपण विचारते, कुठवर आलं. तिच्या स्वयंपाकाच्या गाडीत वायरलेस नाही. ओर्व्हल बटाटे चावत चावत तिला सगळं सांगतो आणि सगळं चुकीचं सांगतो.

२१ जून, कॅन्सस

काही दिवस वाचलंच नाही. गावात तरणतलाव आहे. कपडे धुवायला गेले ते तिकडेच गेले. ओले कपडे धुलाईच्या यंत्रात आंबले, आईनं बोलणी घातली. एका मुलीशी ओळख झाली, तिनं विचारलं तुझं गाव कुठलं. सांगत बसले तर तिला कंटाळा आला.

ओर्व्हल तोंड फुगवून बसलाय. "मास्तरीण रजेवर आहेत वाटतं." मग हळूच म्हणाला, "पोरी, मी आठवीत शाळा सोडली. कुणी माझ्यासाठी इतकं वाचलं नव्हतं. तू मध्ये सोडू नकोस हां. मला रात्री त्या ॲग्नेटाची काळजी वाटते."

हे त्यानं वायरलेसवर नाही, समोर येऊन सांगितलं. टोपी काढून.

५ जुलै, नेब्रास्का

काल स्वातंत्र्यदिनाची सुट्टी असूनही कापणी. फटाके लांबून दिसले, गावाकडे, मुठीएवढे. कोरडं इतकं आहे की धसकटं पायाखाली काचेसारखी मोडतात. पप्पांनी रोज दुपारी यंत्रं थांबवून फुंकणीनं भुसा उडवायला लावलाय. बेअरिंग तापलं आणि त्यावर भुसा बसला की झालं. शेताच्या कडेला नांगराचा ट्रॅक्टर तयार उभा असतो, आग लागली तर भोवतीचं रान उलटवायला.

आठवं प्रकरण संपलं. ॲग्नेटाला दोघा भावांनी एकाच दिवशी एकच निरोप दिला आणि ती कुणालाच सांगत नाहीये. प्रकरण तिथेच संपतं! ओर्व्हल ओरडला, "हा लेखक माणूस आहे का कोण!" तीन ओळींचा नियम आता कोण पाळतंय? परिच्छेद झाला की मी बटण सोडते. पप्पा काही म्हणत नाहीत.

१४ जुलै, नेब्रास्का

काल आग लागली.

नीट लिहायला हवं, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

दुपारी मी उंचवट्याच्या अलीकडे ट्रॅक्टर उभा करून नववं प्रकरण काढलं. ओर्व्हल उंचवट्यापलीकडे, रुआन शेजारच्या तुकड्यात, पप्पा रस्त्याकडे पाण्याच्या गाडीत. नववं प्रकरण म्हणजे ॲग्नेटा बेट सोडून गोठलेल्या समुद्राच्या बर्फावरून चालत निघते. मागे वळून बघायचं नाही असं ठरवून. मी इतकं चांगलं कधीच वाचलं नव्हतं. आवाज आपोआप खाली जात होता, आपोआप वर येत होता, बर्फ फुटतो तिथे माझ्याच अंगावर काटा आला. आणि कुणी मध्ये बोललं नाही. ना ओर्व्हलची टिप्पणी, ना मेंढ्या. मला वाटलं, सगळे गुंग झालेत. पहिल्यांदाच. मी पानामागून पान वाचत गेले.

प्रकरण संपलं तेव्हा मान वर केली आणि उंचवट्यावरून काळा धूर.

मी पोचले तोवर ओर्व्हलनं पेटलेला हार्वेस्टर उभ्या गव्हातून बाहेर, नांगरलेल्या रानात काढला होता. शेत वाचवलं त्यानं. शिडीचा कठडा तापून लाल झाला होता आणि तो कठडा धरूनच उतरला. पप्पांनी पाणी मारलं, रुआननं नांगर घातला. ओर्व्हल जमिनीवर बसला होता, हात समोर धरून, जणू कुणीतरी त्यात काही ठेवणार आहे. खोकत होता. मला बघून म्हणाला, "मेली नाही ना ती?"

"कोण?"

"बर्फात."

मग रुग्णवाहिका आली.

पप्पा म्हणतात, बेअरिंग. धूर आल्यावर लगेच यंत्र न काढता तो केबिनमध्ये एवढा वेळ का बसून राहिला कळत नाही. लगेच निघाला असता तर हात वाचले असते. मी पप्पांना तसं विचारलं. पप्पा पाण्याची नळी गुंडाळत होते. गुंडाळतच राहिले.

१७ जुलै, नेब्रास्का

पप्पांनी माझ्या ट्रॅक्टरमधला माइक काढून नेला. का ते सांगितलं नाही. पुस्तकाचा राग आहे, दुसरं काय. कामाच्या वेळी करमणूक. मी म्हटलं, "मला शाळेसाठी वाचायचंय, तुम्हीच म्हणालात." तर म्हणाले, "मनात वाच."

इतक्या हळू आवाजात पप्पा कधी बोलत नाहीत.

ओर्व्हलला लांबच्या शहरात नेलंय, तिथे खास भाजलेल्यांचं इस्पितळ आहे. आई फोनवर बोलली. उजव्या हाताची बोटं ठेवता येतील की नाही, सांगता येत नाही म्हणाले. छातीतही धूर गेलाय.

रुआन माझ्याशी नीट बोलत नाही. आज डबा घेताना म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या वाचनात दोनदा खरखर आली. मोठी. किंकाळीसारखी."

"जुना वायरलेस आहे," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, डबा उचलला आणि गेला. एवढं काय बघायचं त्यात?

२६ जुलै, दक्षिण डाकोटा

ओर्व्हलच्या जागी कुणी नाही. एकच हार्वेस्टर चालतो, पप्पा आणि रुआन आळीपाळीनं चालवतात. कुणी विनोद सांगत नाही. तो बोकडाचा विनोद मला पाठ आहे, तरी मला शेवट आठवेना. आईला विचारला तर ती भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "जा, जरा बाहेर बस."

विम्याचा माणूस आला होता. त्यानं विचारलं, चालकानं वायरलेसवरून कळवलं होतं का? पप्पा म्हणाले, ओर्व्हलनं सांगितलंय की त्यानं माइकला हातच लावला नाही, घाबरून विसरला.

ओर्व्हल आणि घाबरून विसरणार! गारपिटीत, विजा पडत असताना जो केबिनमध्ये बसून तंबाखू चघळतो तो.

पुस्तक पिशवीत तळाशी आहे. मी मध्ये बटण सोडत होते. निदान मला तसं आठवतं. परिच्छेद झाला की सोडते मी, नेहमी.

दहावं प्रकरण उघडत नाही. ऊन फार आहे.

११ ऑगस्ट, शहर

हंगाम संपला. घरी जाताना पप्पांनी वाट वाकडी करून इस्पितळात आणलं. म्हणाले, "तू आत जा. मी गाडी लावून येतो." गाडी तर लावलेलीच होती.

दाराबाहेरच्या बाकावर एक जाडजूड बाई विणत बसली होती. ओर्व्हलची बहीण, लव्हॉन. मी कोण ते तिला माहीत नव्हतं, मी नुसतं म्हटलं, कामावरची. बाई बोलकी. "आता बरा आहे गं. सुरुवातीला औषधाच्या गुंगीत काय काय बडबडायचा. सारखं एकच, बटण दाबतोय, दाबतोय, पण तिकडे कुणीतरी गोष्ट सांगतंय. मी म्हणायची, कसली गोष्ट? तर म्हणे, थांब, तिचं होऊ दे, ती रंगात आलीये." ती हसली. "माणूस भाजल्यावर डोकंही कुठल्या कुठे जातं बघ."

मी तिच्या विणकामाकडे बघत राहिले. निळी लोकर होती. एक घर सुटलं होतं, ते तिला दिसलं नव्हतं.

किती वेळ उभी होते माहीत नाही. आत जायचं नाही असं ठरवलं होतं. मग आतून तो घोगरा आवाज आला, ओळखूच येईना. "कोण आहे? मास्तरीण का?"

त्याचे दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे उशीवर ठेवलेले. मी म्हटलं, "ओर्व्हल, त्या दिवशी मी—"

"पुस्तक आणलंस?"

"ओर्व्हल, मी बटण—"

"दहावं प्रकरण, पोरी. मी इथे पडून किती वाट बघायची? नर्सला वाचायला सांगितलं असतं, पण ती मेली तोंडातल्या तोंडात बोलते." आणि मग, माझ्याकडे न बघता, "काढ ना. मला पान उलटता येत नाही."

मी पिशवीच्या तळातून पुस्तक काढलं.

आज दोन प्रकरणं झाली. उद्या पुन्हा. पप्पांनी विचारलंही नाही, घरी कधी निघायचं ते.

१२ ऑगस्ट, शहर

संपलं. शेवटचं पान.

ॲग्नेटा बर्फातून वाचते, बेटाबाहेरच्या गावात नोकरीला लागते, निरोप पोचवणं बंद. बेटावर दोघे भाऊ जेवायला बसतात. खूप वेळ शांतता. मग थोरला म्हणतो, "मीठ दे." एवढंच. पुस्तक संपलं.

ओर्व्हल छताकडे बघत राहिला. "मीठ?"

"हो."

"एवढी पानं खाल्ली, बाई बर्फात घातली, आणि मीठ?" तो हसायला लागला आणि मग खोकला आला, नर्स धावत आली, मला बाहेर काढलं. मी दाराशी उभी. खोकला थांबल्यावर तो ओरडला, म्हणजे ओरडायचा प्रयत्न केला, "पण दिलं का गं त्यानं? मीठ?"

पुस्तकात नाही सांगितलेलं. मी म्हटलं, "दिलं."

लव्हॉन म्हणाली, पुढच्या हंगामाला काही तो येणार नाही. कुठल्याच हंगामाला नाही. उजव्या हाताची दोन बोटं राहिलीत, त्यांनी तो काटाही धरू शकत नाही.

पुस्तक पूर्ण झालं. मला वाटलं होतं, काहीतरी शेवटाला नेलं की बरं वाटतं.

२१ ऑगस्ट, घर

शाळेचा पहिला दिवस. हॅवरकॅम्प बाईंनी कागद दिला, म्हणाल्या, पुस्तकाबद्दल हवं ते लिही, आठवेल ते. मी घंटा होईपर्यंत लिहिलं. दुसरा कागद मागितला, तिसरा मागितला. थोरल्या भावाची मिजास, मेंढ्या, बर्फ, मीठ, सगळं.

बाईंनी माझ्यासमोरच वाचलं. चष्मा काढला, पुसला. "ट्रेसा, वर्गात कुणीही असं वाचलेलं नाही. पहिला क्रमांक. खाली सही कर आणि जा."

खाली छापलेलं होतं, सगळ्यांच्याच कागदावर असतं ते: हे पुस्तक मी स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय वाचलं, अशी शपथ घेते.

मी पेन टेकवलं. माझं नाव लिहायला कितीसा वेळ लागतो? तरी हात चालेना.

"काय झालं? नुसती पद्धत आहे ती."

"एकटीनं नाही वाचलं, बाई."

"म्हणजे? कुणी सांगितलं तुला? उतारे काढून दिले?" त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, मला दिसत होता बदलताना. "वर्गात कुणाशी बोललीस? थोरल्या भावाचं हे जे लिहिलंयस, हाताखाली असता तर हाकलला असता, हे तुझं आहे का?"

"नाही. ते ओर्व्हलचं."

"हा ओर्व्हल कोण?"

सांगायला तोंड उघडलं. मग पप्पा आले डोळ्यांपुढे, विम्याच्या माणसासमोर उभे, आणि पांढरी गाठोडी. ओर्व्हलनं सगळ्यांना सांगितलंय की त्यानं माइकला हात लावला नाही. त्यानं ते माझ्यासाठी सांगितलंय आणि मी ते मोडायचं कसं?

"कामावरचा माणूस," मी म्हटलं.

बाईंनी कागद बाजूला ठेवले. रागावल्या नाहीत, त्याहून वाईट, त्यांना वाईट वाटलं. म्हणाल्या, सहीशिवाय गुण देता येत नाहीत. पुन्हा याच वर्गात बसावं लागेल. तू विचार कर, उद्यापर्यंत वेळ देते.

उद्यापर्यंत विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी बाहेर आले.

पप्पा गाडीत वाट बघत होते. परवा ते मक्याच्या कापणीला दक्षिणेत निघणार. "मग?"

"नापास."

"पुस्तक संपवलंस ना?"

"संपवलं."

"मग नापास कशी?"

"एकटीनं वाचलं नाही म्हणून."

त्यांनी गाडी सुरू केली नाही. मैदानावर पोरं बँडचा सराव करत होती, तोच तोच तुकडा पुन्हा पुन्हा चुकत होता. मला वाटलं, आता म्हणतील, शाळा पुरे. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत म्हणाले,

"मीपण ऐकत होतो, ट्रेसा. ती खरखर मलाही ऐकू आली होती. दोन्ही वेळा. मला कळलं होतं कुणीतरी बोलायचा प्रयत्न करतंय. गाडी काढून उंचवट्यापर्यंत यायला किती वेळ लागला असता?"

मैदानावर तोच तुकडा पुन्हा चुकला.

"पण ती बर्फावर होती," पप्पा म्हणाले, "आणि मला पुढचं ऐकायचं होतं."